कार्मोसीनाचे कान

माझी आई कार्मोसीना नेपल्समध्ये वकिलांच्या गळपट्ट्यांना खळ घालून द्यायची आणि वरची खोली भाड्याने द्यायची. त्या वर्षी तिथे फुल्जेन्सिओ राहायचा. कायदा शिकणारा, हडकुळा पोरगा. संध्याकाळी त्याचे मित्र जमत, आईच्या हातचं चण्याचं कढण ओरपत आणि वाद घालत. जग बारीक कणांचं बनलंय, पृथ्वी फिरते, असलं चर्चला न खपणारं काहीबाही.

एकदा तो म्हणाला, "मावशी, राजा काही आभाळातून पडला नाही. माणसांना एकमेकांची भीती वाटायची, म्हणून त्यांनी करार केला आणि एकाला राजा केलं."

"आणि मग त्याचीच भीती वाटायला लागली तर?" आई म्हणाली. "आधी ती खिडकी लाव."

त्यांच्यातल्याच एकाला पापकबुलीच्या वेळी पाद्रीबुवांनी अडवलं. मित्रांची नावं सांग, नाहीतर क्षमा नाही. त्याने सांगितली. फुल्जेन्सिओला धरून नेलं. धर्मचौकशीसाठी रोमहून न्यायाधीश आला होता; पाठोपाठ आर्चबिशपच्या कोर्टातून आईलाही बोलावणं आलं.

वाटभर ती मनाशी हिशोब करत होती. खरं सांगावं तर पोराच्या गळ्याला फास, आणि इतके दिवस गप्प राहिली म्हणून स्वतःला कोठडी. खोटं सांगावं तर शपथ मोडली म्हणून नरक. पण शपथ ऐकूच आली नाही, तर मोडणार कशी?

कारकुनी करणाऱ्या पाद्र्याने शपथ वाचली. आईने कानामागे हात धरला. "तापात कान गेले हो, फादर."

तो ओरडला. आई नुसती हसली. मग तो शेजारच्याकडे वळून हलकेच म्हणाला, "हिच्या मुलीला खाली धरून आणलंय. पोटुशी आहे म्हणे. तिलाच बोलतं करू."

आई हसतच राहिली. तोंडात जीभ इतकी चावली होती की रक्ताची चव आली. शेवटी त्यांनी तिला हाकलून दिलं.

मी घरी कणीक मळत होते. तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि जमिनीवर बसकण मारली. "काय झालं?" मी विचारलं. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून तिने कुणाचंच ऐकलं नाही. गल्लीतला कोणता माणूस कोर्टाचा खबऱ्या असेल, सांगता येत नव्हतं. माझा मुलगा पहिल्यांदा तिला "आजी" म्हणाला, तेव्हाही तिने मान वळवली नाही. मलासुद्धा ती खरंच बहिरी वाटायची.

फुल्जेन्सिओने चर्चमध्ये, हातात मेणबत्ती धरून, गुडघ्यांवर बसून सगळं नाकारलं. कण, पृथ्वी, करार, सगळं. तरी त्याला कोंडूनच ठेवलं. पुढे शहरातले मोठे लोक राजाच्या वतीने कारभार बघणाऱ्या व्हाइसरॉयकडे गेले. म्हणाले, "इथे धर्मचौकशी येणार नाही, या बोलीवर आम्ही राजाला मानलंय." रोमहून आलेल्या न्यायाधीशाला गाशा गुंडाळावा लागला.

मग फुल्जेन्सिओ सुटला. दारात आला तेव्हा केस पिकले होते.

"मावशी, गेले ते सगळे. आता भ्यायचं कारण नाही."

आईने त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"हळू बोल," ती म्हणाली.