पेंटरकाकांची तिरकी अक्षरं

“कल्पना आपलीच हाय साहेब, लय जुनी,” पेंटरकाका सांगत होते. पिकअपच्या पलीकडे मी ब्रश धूत बसले आहे, हे त्यांना माहीत होतं. पुण्याहून आलेला एक तरुण आमच्या जाड, तिरक्या अक्षरांचे फोटो काढत होता. त्यांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट होणार होता, जाहिरातींना आणि सामन्यांच्या बॅनरना वापरायला. फॉन्टसोबत अक्षरं काढणाऱ्याचं नाव जाणार होतं.

काकांचं पत्र्याचं शेड नाशिक रोडला. निफाडहून द्राक्षं आणणाऱ्या गाड्या तिथे रंगायला येत. फ्लेक्स स्वस्त झाले, तरी गाडीवरचं नाव काकांच्याच हातचं हवं, असं म्हणणारे मालक अजून होते.

काकांना नखरेल अक्षराचा राग. “बारीक-जाड रेघा लग्नपत्रिकेला ठेवा. गाडी काय थांबती का? जाता जाता वाचून झालं पाहिजे.” म्हणून त्यांच्या सगळ्या रेघा एकाच जाडीच्या आणि अख्खं अक्षर पुढे, उजवीकडे झुकलेलं. शिरोरेघ मात्र आडवी, सरळ. “ती वाकली की अक्षर पिऊन आल्यासारखं दिसतं.”

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हणून मी गेले आणि दोन वर्षं जात राहिले. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अक्षर पहिलीतल्या मुलीचं होतं. माझा ‘क्ष’ बघून काका एवढंच म्हणाले, “मॅडम, ह्याला बसायला जागा द्या की.” रॉकेलच्या फडक्याने तो पुसला आणि ब्रश परत माझ्या हातात दिला. असं त्या दिवशी नऊ वेळा झालं. ‘इतकी गप्प का असतेस’ हे मला न विचारणारे तेवढेच एक. म्हणून मला तिथे बरं वाटायचं.

एकदा मी रंगवलेल्या गाडीला चक्कर मारली. उजव्या बाजूची अक्षरं गाडीबरोबर पुढे पळत होती. डाव्या बाजूला गाडीचं तोंड आपल्या डाव्या हाताला येतं, त्यामुळे तिथे तीच अक्षरं मागे रेलली होती, जणू गाडीला ओढून धरत होती. मी घरी तीन आठवडे बसून सगळी मुळाक्षरं डावीकडे झुकवून काढली. नुसतं कलवून भागत नव्हतं. ‘र’ तोंडावर पडायचा, ‘ळ’चं पोट सुटायचं. काकांनी वही बराच वेळ पाहिली. “आता गाडी दोन्हीकडून पळंल,” म्हणाले. त्या दिवशी मी रिक्षा न करता घरापर्यंत चालत गेले.

“डावीकडे झुकलेली मराठी अक्षरं मी कुठेच पाहिली नाहीत,” तो तरुण म्हणाला. “कसं सुचलं तुम्हाला?”

“डोकं चालवावं लागतं, साहेब. ह्या मॅडम शिकायला येत्यात आपल्याकडं. इचारा त्यांना. काय हो मॅडम?”

त्यांच्या आवाजात जराही भीती नव्हती. तेच मला लागलं. मी कशी आहे ते त्यांना नीट कळलं होतं आणि त्याच भरवशावर ते बोलत होते.

त्यानंतर मी शेडवर गेले नाही. आजही ब्रश धरला की त्यांनी शिकवल्यासारखाच धरते, वेगळा धरायला मला येत नाही. पण त्या दुपारी मी उठून गाडीच्या पुढे आले. तो तरुण नाव लिहायला पेन उघडून उभा होता.

“उजवीकडची काकांची आहेत,” मी म्हणाले. “डावीकडची माझी.”