पुण्याला गेल्यावर दाखवू

धुकं पडलं की इथे आखातात, अल रीम आयलंडवरच्या इमारती पायांशिवाय उभ्या राहतात. त्या सकाळी आमच्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, खाडी दिसत नव्हती. समोरच्या टॉवरचे फक्त वरचे मजले तरंगत होते आणि कुणाच्या तरी बाल्कनीतली एक रिकामी खुर्ची.

धाकटी बहीण आणि तिचा नवरा त्या दिवशी न्यू जर्सीला परत जाणार होते. बॅगांचं वजन करून, कुलपं लावून त्या दाराशी ठेवायचं काम मी आदल्या दिवशीच उरकलं होतं. पण विमान लांबलं होतं, आणि किती लांबलंय ते कुणी नीट सांगत नव्हतं. मला हात रिकामे ठेवून बसता येत नाही. मी पोहे भिजवले.

डोक्यात एकच गोष्ट होती. दोन दिवसांपूर्वी मी बहिणीच्या केसांना तेल लावत होते. लहानपणापासून ती माझ्याकडे आली की हे ठरलेलंच. ती डोळे मिटून, अर्धवट झोपेत पुढे बसली होती. मान चोळता चोळता बोटं गळ्याकडे गेली आणि डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं.

"हे काय गं?"

"आहे. मार्चपासून."

"दाखवलंस?"

"पुण्याला गेल्यावर दाखवणार होते. मग तूच म्हणालीस, या वर्षी इकडे या."

देशाबाहेर राहणारे आम्ही सगळे हेच करतो. दाताची कळ, चष्म्याचा नंबर, गुडघा, सगळं वर्षभर सांभाळून ठेवतो आणि सुट्टीत पुण्याला नेऊन दाखवतो. तिथे डॉक्टर ओळखीचे, बोलणं मराठीत, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात. माझ्या कामांच्या यादीतही पुण्याचा वेगळा रकाना असतो. त्यात कुणाच्या गळ्यातली गाठही थांबून राहू शकते, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलंय. त्याला सांगितलं की तो तिकडच्या विम्याच्या सिस्टीमवर बोलतो."

त्या धुक्याच्या सकाळीही तो सिस्टीमवरच बोलत होता. दोघे साडू डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. त्यांच्या मागे खिडकीत नुसता पांढरा उजेड, त्यामुळे ते ढगात बसून भांडताहेत असं वाटत होतं.

"एकच सरकारी विमा हवा, सगळ्यांना," तो म्हणाला. "पासष्टीनंतर देतातच ना अमेरिकेत? मग चाळिशीतल्या माणसाने काय पाप केलंय?"

"सरकारी म्हटलं की रांग आली," माझा नवरा म्हणाला. "इथे बघ. कंपनीने कार्ड दिलंय. दाखवलं, खलास."

"आणि नोकरी गेली की कार्ड खलास, व्हिसा खलास, साडूभाऊ खलास!"

"इन्शाल्ला, नाही जाणार."

"आमच्याकडेही सगळे इन्शाल्लावरच जगतात. फक्त तसं म्हणत नाहीत."

"पण तुमच्याकडे प्लॅन निवडता तरी येतो. सरकार एकच गळ्यात मारणार."

"निवडता? एचआर जे देईल ते!"

"बाबा, यू आर शाउटिंग," आतल्या खोलीतून माझी मुलगी ओरडली.

बहीण चहाचा कप दोन्ही हातांत धरून धुक्याकडे बघत होती. गळ्याभोवती माझी शाल होती. "आमचा विमा ना," ती हळूच म्हणाली, "अकरा महिने झोपलेला असतो. सुरुवातीचे पैसे आपण आपल्या खिशातून भरत राहायचे. बरेच भरून झाले की डिसेंबरात तो जागा होतो. जानेवारीत पुन्हा झोपतो. म्हणून मला वाटलं, एवढ्यासाठी कशाला उठवायचं."

मग तिच्या नवऱ्याने तोंड उघडलं, "म्हणूनच मी म्हणतो, सरकारी..."

"पुरे," मी म्हटलं. माझ्या मनात सगळं ठरून झालं होतं. "खाली क्लिनिक आहे. यल्ला, चल, आत्ता सोनोग्राफी करून घेऊ. इथे हिचा विमा नाही, तर पैसे भरू. आणि हिचं तिकीट मी पुण्याचं करते. मीही जाते बरोबर."

"नको, ताई."

"का नको?"

"समजा साधी गाठ नसली. मग पुढचे सहा महिने काय करू? पुण्यात तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे राहू? माझं घर न्यू जर्सीला आहे. मुलगा तिथे आहे. दरवेळी पाहुणी म्हणून आजारी पडायचा कंटाळा आलाय मला. जिथे राहते, तिथेच पडू दे."

एवढं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी पोह्यांखालचा गॅस बंद केला.

तेवढ्यात विमान निघणार असल्याचा मेसेज आला. गाडीत पुढे दोघे साडू, मागे आम्ही दोघी. गाडी कासवासारखी चालली होती. समोरच्या गाड्यांचे लाल दिवे पाण्याखालून दिसावेत तसे उगवत आणि विरत. बहिणीने फोन काढला, तिच्या विमा कंपनीची चोवीस तास चालणारी लाईन लावली आणि स्पीकर सुरू केला. थांबा म्हणून पियानोची एकच धून वाजत राहिली. संपायची, क्षणभर शांत व्हायची, पुन्हा सुरू व्हायची. मला वाटलं, आपण अशाच जात राहणार, धुक्यातून, त्या पियानोबरोबर, आणि कुणी काही विचारणारच नाही.

"हेच ते प्रायव्हेट," पुढून तिचा नवरा पुटपुटला.

"अरे, गप्प बस ना जरा," ती म्हणाली. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग हात मागे केला. तिने तो धरला.

धून मध्येच तुटली. एका बाईने इंग्रजीत विचारलं, काय मदत करू?

बहिणीने एकेक शब्द सुटा करून सांगितलं, माझ्या गळ्यात गाठ आहे. मार्चपासून. मला लवकर दाखवायचंय.

पलीकडे टाईप केल्याचा आवाज येत राहिला. मंगळवारी सकाळची डॉक्टरांची वेळ मिळेल, त्या बाईने सांगितलं.

"मंगळवारी?" बहिणीने नवऱ्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला. "मी सुट्टी टाकतो."