पोपट मासोळीची गाभोळी

मूल गावच्या बाजारात मी चाळीस वर्षं मासोळी विकली, सगळी तलावाची. समुद्राच्या मासोळीला मी मासोळी मानतच नव्हते. लेकाला हे ठाऊक होतं. माझी नात कॉलेजात मत्स्यविज्ञान शिकते. तिला पंधरा दिवस लक्षद्वीपला पाण्याखाली उतरून मासे पाहायचे होते आणि कागदावर बापाची सही हवी होती. लेक म्हणाला, "तुही आजी हो म्हणन, त करतो सही."

नात मोबाइल घेऊन माझ्या विळीसमोर बसली. मी रोहू साफ करत होते.

"हे पाय आजी, पोपट मासा."

हिरवंनिळं अंग, गालावर गुलाबी रेघा, मोठी खवलं. दात एकमेकांना चिकटून खरोखरची चोच झालेली. शेपूट जवळजवळ स्थिर, बाजूचे दोन पर मारत तो पाखरासारखा चाललेला. खडकाला चोच लावली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा आणि पांढरा ओरखडा उठायचा. मी रोहू खाली ठेवला.

"दगड खाते?"

"पोवळ्याचा खडक. त्याच्यावरचं शेवाळ पायजे त्याले. घशातल्या दातांनं दगड दळते अन् मागून रेती सोडते. तिथली पांढरी रेती बरीचशी ह्याचीच."

"म्हणजे तुहा बाप ट्रॅक्टरभर वाहते ते हगवण हाय काय?"

"माही रेती नदीची हाय, माय," लेक ओट्यावरून म्हणाला.

मी रोहूचं डोकं फाडलं आणि नातीचं बोट त्याच्या घशात घातलं. रोहूलाही तिथे दात असतात.

"पुस्तकात वाचलं होतं," ती म्हणाली. "हाताले आज लागले."

मग मोबाइलवर मातकट लाल मासोळ्या आल्या. मी म्हटलं, ही दुसरी जात.

"त्याच्याच माद्या हायेत. तो मेला त सगळ्यात मोठी मादी रंग बदलवते अन् नर होते."

"मादीचा बाप्या? खोटं नको बोलू."

पोट दाबून गाभोळीची, म्हणजे अंड्यांनी भरलेली, मादी ओळखण्यात माझा जन्म गेला. पण तिने एक मासोळी दाखवली, अर्धी लाल, अर्धी हिरवी. मी चष्मा पुसला. तीनदा तेच लावायला सांगितलं. चुलीवर भात करपला, तरी उठले नाही.

"मंग पोटातली गाभोळी कुठी जाते?"

"जिरते म्हणतात. मी नाई पाह्यली."

"मंग इथी काऊन बसली? जाऊन पाय."

लेक ओट्यावरून खाली आला. "माय, दर्या हाय तो. गावच्या तळ्यासारखी बोडी नाई."

"बोडीत मासोळीचा बाप्या होते काय?"

"तुले त दर्याची मासोळी मासोळीच वाटत नव्हती."

"नव्हती. कर सही."

त्याने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. नातीला मी सांगितलं, शंखशिंपले काही आणू नको. गाभोळीचं काय होतं, तेवढं नीट पाहून ये.