गळाला बेसनाचा लाडू

"यंदा तो सोनेरी गमबूट परत करायचा म्हणजे करायचाच!" असं मी सप्टेंबरातच घरी जाहीर करून टाकलं होतं. आता हा गमबूट काय प्रकार आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी हॅम्बर्गमधल्या एका छोट्याशा मासेमारी क्लबची सभासद आहे. ऑक्टोबरच्या शेवटी आमचे लोक हंगामाला निरोप द्यायला दक्षिणेकडच्या एका तळ्यावर जमतात. याला म्हणायचं अबआंगेल्न. सगळे चार तास काठ्या धरून बसतात, मासे वजनकाट्यावर घालतात, पहिला-दुसरा काढतात, पण स्पर्धा हा शब्द उच्चारायचा नाही! नुसतं जिंकण्यासाठी मासे मारणं इथल्या कायद्यात बसत नाही. म्हणून ही 'एकत्र मासेमारी', आणि धरलेला मासा खायचाच. ज्याला एकही मासा लागत नाही त्याला सोनेरी रंग फासलेला एक जुना गमबूट मिळतो. तो वर्षभर घरी ठेवायचा, त्यात काहीतरी लावायचं, जगवायचं, आणि पुढच्या वर्षी रोपासकट परत आणायचा. गेली दोन वर्षं तो माझ्याच बाल्कनीत मुक्कामाला होता. पहिल्या वर्षी मी त्यात लावलेलं जिरेनियम महिन्याभरात मेलं. दुसऱ्या वर्षी काही लावायच्या फंदातच पडले नाही.

पण यंदा त्यात हिरवीगार कोथिंबीर होती, आणि ती माझ्या सासऱ्यांची करामत.

बाबा ऑगस्टमध्ये कराडहून आमच्याकडे आले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, पण जीव कृष्णेच्या काठावर. दर रविवारी पहाटे गळ घेऊन निघायचे ते उन्हं डोक्यावर आली की परत. आई गेल्या त्या आठवड्यात त्यांनी काठी माळ्यावर टाकली ती टाकलीच. नदीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. "कुणासाठी धरायचे मासे?" एवढंच म्हणायचे. इथे आल्यावरही खिडकीत बसायचे आणि विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. निखिल, माझा नवरा, त्यांच्याहून घुमा. दोघं समोरासमोर बसले की घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायचा! बाबांचं परतीचं विमान होतं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी त्यांना एकदा पाण्याकाठी नेऊन बसवायचं आणि ती माळ्यावरची काठी खाली येईल असं काहीतरी करायचं, हा माझा खरा बेत. गमबूट आपला निमित्ताला. (अर्धाच निमित्ताला. मला तो खरोखर नको होता.)

महिनाभर मागे लागले तेव्हा बाबा एका गोष्टीला तयार झाले. आमिष ते करून देणार. "त्या अळ्या मी फ्रिजात बघितल्या तर घर सोडून जाईन," म्हणाले. इथे सगळे अळ्याच लावतात, दुकानात डबीत मिळतात. शुक्रवारी बाबांनी मोठी कढई काढली आणि बेसन भाजलं. अर्ध्यात गूळ, कणीक आणि चांगला सढळ हाताने हिंग घालून आमिषाचे गोळे वळले. उरलेल्या अर्ध्याकडे थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "दिवाळी आलीच आहे. लाडू करून बघू का? चाळीस वर्षं तिला करताना बघितलंय." जन्मात पहिल्यांदा त्यांनी लाडू वळले. एका स्टीलच्या डब्यात गोळे, दुसऱ्यात क्लबच्या लोकांसाठी लाडू. दोन्ही डबे सारखे, दोन्हींतला माल सारखाच दिसणारा. आता तुम्हाला पुढचं कळलंच असेल. मला कळलं नाही.

शनिवारी दुपारी निघालो. निखिलची ऑफिसची ऑन-कॉल ड्यूटी होती, म्हणून तो घरीच थांबला. कुणी जाणार असाल तर एक सल्ला: ए-सात महामार्गाने एल्बे नदीखालच्या बोगद्यातून जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. आम्ही पाऊण तास तिथेच अडकलो. बोगदा ओलांडला की मात्र रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली बर्चची झाडं आणि रस्त्याकडेला भोपळे विकायला मांडलेले. विकायला माणूस नाही, नुसती पैशांची पेटी. बाबांनी खाली उतरून ती पेटी नीट बघितली. "कोण नेत नाही?" एवढंच विचारलं, आणि दोन युरो टाकून एक भोपळा घेतला.

तळ्याजवळच्या पेन्सिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, दोन खोल्या घेतल्या होत्या. न्याहारीसकट साधारण साठ युरो खोलीला, आणि गाद्या इतक्या मऊ की बाबा जमिनीवर झोपले. जेवायला परतलेले बटाटे आणि खारवलेला हेरिंग मासा. बाबांनी खिशातून ठेच्याची बाटली काढली तेव्हा मालकीणबाईंनी कौतुकाने वास घेतला आणि त्यानंतर बराच वेळ त्या आमच्या टेबलाकडे आल्या नाहीत.

रविवारी सकाळी सातला पारा तीनवर. तळ्यावर धुकं असं की समोरचा काठच नाही. मी थर्मल, स्वेटर, जॅकेट असा सगळा संसार अंगावर चढवला. बाबा माकडटोपीत. "मोइन!" करत सगळे जमले, हा इथला नमस्कार, दिवसभर मोइनच म्हणतात. हाइके ही आमची अध्यक्षीण, बाई खमकी. तिने बाबांचा हात जोरात हलवला आणि गमबुटातली कोथिंबीर बघून दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"ही तू जगवलीस?" तिने मला विचारलं.

"मी नाही. यांनी."

"हो, ते दिसतंच आहे," हाइके म्हणाली. मला राग आला, पण खरं होतं ते.

मग नियम. आमच्या क्लबात परीक्षा पास झाल्याशिवाय काठीला हात लावायचा नाही. मी त्यासाठी तीन महिने शनिवार-रविवार घालवून माशांच्या परांची नावं पाठ केली आहेत. बाबांनी पन्नास वर्षं मासे धरलेत, पण कागद नाही. हाइकेने तोडगा काढला: काठी सुनेची, जाळी सासऱ्यांची. जागेची चिठ्ठी बाबांनी उचलली, सात नंबर. शेजारी आठवर उवे, पंचाहत्तरीचा, गेल्या वर्षीचा विजेता. त्याच्याकडे सामान इतकं की वाटावं हा इथे राहायलाच आलाय.

आठ वाजता भोंगा वाजला. मी आमिषाचा डबा उघडला. वास आला वेलचीचा.

"बाबा," मी म्हटलं, "हे लाडू आहेत."

दुसरा डबा शोधला. नव्हताच. हॅम्बर्गच्या ओट्यावर राहिला होता. निघताना एक डबा पिशवीत घातला आणि दोन घातले असं समजले, माझं डोकं! उवे सज्जन माणूस, त्याने लगेच अळ्यांची डबी पुढे केली. मी हात पुढे केला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. लाडूच लाव."

"अहो बाबा, तुम्ही पहिल्यांदा केलेत! आणि आईंची पद्धत. पाण्यात कसे घालू?"

"ती काय म्हणाली असती माहितीये? असल्या टणक लाडवांना मासाच मिळेल गिऱ्हाईक." आणि त्यांनी डबा माझ्या हातातून ओढूनच घेतला.

थंडीने तूप गोठून लाडू दगड झाले होते. बाबांनी हातमोजे काढून फेकले, न्याहारीचा पाव कुस्करला, त्यात लाडू फोडला, थर्मासमधला गरम चहा घातला आणि मळायला बसले. दोन महिन्यांत त्यांचे हात असे चालताना मी बघितले नव्हते. मळता मळता बोलायलाही लागले: मरळ कशी ओढते, वाम कशी फसवते, कराडच्या संगमावर कुठल्या दगडापाशी बसावं. मी गप्प राहिले. मी गप्प राहते हीसुद्धा या ट्रिपची एक नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पहिले तीन तास काही नाही. उवेलाही काही नाही. तो मधूनमधून येऊन एकेक लाडू उचलून न्यायचा. बाबा मराठीत, उवे जर्मनमध्ये, आणि दोघांचं छान चाललेलं. "याला सांग," बाबा मला म्हणाले, "सगळे तू खाल्लेस तर मासे काय खातील?" मी सांगितलं. "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणत उवेने आणखी एक घेतला.

साडेअकराला माझ्या गळाचं तरंगतं बूच जरासं हललं. माझी बोटं बधिर, नाक वाहतंय. मी काठी उचलणार तोच बाबा ओरडले, "अगं, थांब! चाखतोय तो. थांब... थांब... आता ओढ!"

ओढलं, आणि काठी वाकली! मी दोन्ही हातांनी घट्ट धरून मागे खेचत राहिले. "सैल सोड! अगं सैल, धुणं वाळत घालतेयस का?" बाबा गुडघाभर पाण्यात, बुटांसकट, जाळी घेऊन. उवे स्वतःची काठी टाकून आमच्याकडे आलेला. पलीकडून हाइके ओरडतेय. आणि मग तो जाळीत आला, ब्रासेन नावाचा चपटा, ब्राँझच्या रंगाचा, माझ्या हाताएवढा मासा. बाबांनी जाळी दोन्ही हातांनी वर धरली. इथे अशा वेळी "पेट्री हाइल!" म्हणतात, मासेमारांची शुभेच्छा. उवे ते म्हणाला, पण मला नाही, बाबांना.

माझा नंबर दहावा आला. बारा जणांत! पण गमबूट गेला. तो मिळाला, ऐका, उवेला. गेल्या वर्षीचा विजेता लाडू खात बसला आणि कोरडा राहिला. बाबांनी बूट त्याच्या हातात देताना कोथिंबिरीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "याला सांग, वरून खुडायची. मुळापासून उपटायची नाही." दुपारी सगळ्यांनी सूप आणि भट्टीत धुरावलेले मासे खाल्ले, माणशी आठ युरो. बाबांनी आमच्या माशाचा पहिला घास माझ्या ताटात वाढला.

संध्याकाळी घरी पोचलो. निखिलने दार उघडलं आणि तो बाबांकडे बघत राहिला, कारण ओले बूट हातात घेतलेले बाबा आपणहून बोलत होते. मासा, उवे, गमबूट, सगळं एका दमात. सांगून झाल्यावर निखिल जरा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, लाडू पण छान झालेत. अगदी आईच्या हातचे."

मी ओट्याकडे बघितलं. आमिषाचा डबा अर्धा रिकामा होता.

"किती खाल्लेस?" बाबांनी हळूच विचारलं.

"पाच. हिंगाचा वास जरा... पण तुम्ही पहिल्यांदा केलेत म्हटल्यावर..."

बाबा बुटांच्या रॅकवर मटकन बसले आणि हसायला लागले. खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी, आवाज फुटत नाही. "अरे," शेवटी कसंबसं म्हणाले, "ते माशांचे होते!" निखिलचा चेहरा! मग तोही बापाशेजारी जमिनीवर बसला आणि दोघं एकमेकांना धरून हसत राहिले. मी तिथे उभं राहून रडले, सरळ सांगते.

बाबा ठरल्या दिवशी कराडला गेले. राहा म्हटलं, राहिले नाहीत. घर परत शांत झालं आणि मला वाटलं, गेलं सगळं धुक्यात. बाल्कनीत गमबुटाचा गोल डाग तेवढा राहिलाय, तो मी अजून पुसलेला नाही.

काल त्यांचा फोटो आला. कट्ट्यावर एक काळा गमबूट, त्यात माती. खाली लिहिलंय: "काठी काढली. सकाळी संगमावर जाऊन आलो. एकही लागला नाही. नियम म्हणजे नियम. धने पेरलेत."