छातीवरचा कागद

एर्मेलिंदाचे लग्नानंतरचे सारे आयुष्य पोर्दोई घाटाच्या माथ्यावर गेले. रस्ता एका अंगाने चढत येतो आणि दुसऱ्या अंगाने उतरू लागतो, नेमक्या त्या जागी तिच्या सासरची खानावळ होती. तिथून पुढे आणखी तीन घाट ओलांडले की माणूस डोंगराला पूर्ण वळसा घालून पुन्हा पोर्दोईवर येतो. जून महिन्यात एक दिवस या फेऱ्यावर मोटारींना बंदी असते आणि सगळा रस्ता सायकलवाल्यांचा होतो. घामाने निथळत वर आलेला माणूस उताराच्या वाऱ्यात गारठतो, म्हणून निघण्यापूर्वी तो जर्सीच्या आत, छातीवर, वर्तमानपत्र सरकवतो. एर्मेलिंदा वर्षभराची रद्दी त्या दिवसासाठी राखून ठेवी. जवाच्या सुपाचा वाडगा देताना ती विचारी, "कागद?" आणि उत्तराची वाट न पाहता घडी पुढे करी.

तिची धाकटी बहीण आफ्रा डोंगरापलीकडे कोर्वारा गावात दिलेली. माहेरी दोघींत मिळून एकच सायकल होती. एक चालवी, दुसरी मागून धावे. दोन सायकली झाल्या की फेरा दोघींनी बरोबर करायचा, हे तेव्हाच ठरले होते. पुढे दोन सायकली झाल्या, पण तोच दिवस खानावळीत पाय ठेवायला जागा नसण्याचा. दर जूनमध्ये आफ्राचा फोन येई.

"ताई, यंदा?"

"अगं, यंदा कसं जमेल? पुढच्या वर्षी नक्की."

मग एका वर्षी फोन आला नाही. एर्मेलिंदाला तेव्हा सुटल्यासारखे वाटले होते. त्या सुटल्यासारखे वाटण्याचीच तिला पुढे अधिक लाज वाटत राहिली.

गेल्या शरदात तिने खानावळ सुनेच्या, नोएमीच्या, हाती सोपवली आणि बॅटरीची एक सायकल घेतली. आफ्राला मात्र कळवले नाही. इतक्या वेळा शब्द मोडलेल्या माणसाने पुन्हा शब्द देऊ नये, सरळ जाऊन समोर उभे राहावे, असे तिने मनाशी ठरवले होते.

बंदीच्या दिवशी सकाळी तिचा नवरा व्हिजिलिओ दारात कॉफी पीत उभा होता.

"बॅटरी संपली तर फोन कर. ट्रॅक्टर घेऊन येतो."

"रस्ता बंद आहे आज. तुझा ट्रॅक्टर कोण सोडणार?"

"मग बस तिथेच गाईंबरोबर. त्यांना तरी सोबत होईल."

ती हसत उतारावर निघाली. पहिल्याच वळणावर वारा छातीत घुसला आणि तिच्या लक्षात आले की आपण कागद घेतलाच नाही. जन्मभर हजारोंना घड्या वाटल्या. पण कागद चढून आलेल्यांसाठी असतो, हे डोक्यात इतके पक्के बसले होते की माथ्यावरून निघणाऱ्यालाही तो लागतो हे तिला सुचलेच नव्हते. खाली पोचेपर्यंत बोटे ब्रेकवर बधिर झाली. पुढचे दोन घाट ती थांबत, दम खात चढली. ओळखीची माणसे हाका मारत होती. ती फक्त मान हलवी. तिला कोर्वारा गाठायचे होते.

आफ्रा घरासमोरच्या लाकडी हौदापाशी बसली होती, हातात काठी. तिने मान वर केली.

"ताई? अगं, खानावळ जळली की काय?"

"नाही. मी आले. चल, सायकल काढ."

"सायकल वसंतात देऊन टाकली. खुब्यात धातू बसवलाय माझ्या. डॉक्टर म्हणाले, चाला, तेवढं पुरे." आफ्राने काठी हौदाला टेकवली. "कळवायचं तरी होतंस."

"कळवलं असतं तर ठेवली असतीस?"

आफ्राने विचार केला. "नसती. खरं कुणाला वाटलं असतं?"

तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर एर्मेलिंदाला काही म्हणता तरी आले असते. ती हौदाच्या काठावर टेकली. आफ्राने तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला.

"बर्फ झालीय नुसती! कागद नाही घेतलास? तू? सगळ्या जगाला वाटणारी?"

"विसरले."

"शोभतं तुला." आफ्रा काठी टेकत आत गेली आणि दोन वर्तमानपत्रे घेऊन आली. "या दिवशी दोन बाजूला काढून ठेवायची सवय आहे. एक तुझं, एक माझं. इथेच थांबायचे मी, दुपार कलेपर्यंत. सवय काही लवकर जात नाही."

त्यातले एक तिने उलगडून बहिणीच्या जर्सीत सरकवले, लहान मुलाला कपडे घालावेत तसे खाली खेचून सारखे केले.

"मी थांबते इथेच," एर्मेलिंदा म्हणाली. "फेरा राहू दे."

"आणि अर्धवट सोडून जा? ऊठ. दोघींपैकी एकीचा तरी होऊ दे."

वळणावर एर्मेलिंदाने मागे पाहिले. हौदापाशी आफ्रा दुसरे वर्तमानपत्र आपल्याच स्वेटरखाली सरकवत होती.

पोर्दोईचा शेवटचा चढ तिने तिसरा प्रहर कलल्यावर संपवला. बॅटरी शेवटच्या काही वळणांपूर्वीच संपली होती. तेवढे अंतर ती सायकल ढकलत आली. खानावळीत तुडुंब गर्दी होती. नोएमीने मान वर न करता वाडगा पुढे केला.

"कागद?" मग तिने पाहिले. "आई! झाला फेरा?"

"झाला. तुझी सायकल कुठे आहे गं?"

"सरपणाच्या खोलीत. धूळ खात. का?"

"पुढच्या वर्षी इथे मी उभी राहते. तू जा."

"हो आई," नोएमी पुढच्या माणसाकडे वळत म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की."

तो स्वर एर्मेलिंदाच्या ओळखीचा होता. तिने जर्सीतून आफ्राचा कागद काढला. घामाने तो ओला झाला होता, शाई छातीला लागली होती. गल्ल्याशेजारी रद्दीचा गठ्ठा होता; त्यावर मात्र तिने तो ठेवला नाही. भिंतीला टेकून, गर्दीच्या आड, ती तो हाताने सपाट करत राहिली.