न्यार्कोचे सात दिवस

ट्राम धुण्याच्या कामावर क्वाकू बोआदीला सगळे ‘पीट’ म्हणत. द हेगच्या त्या डेपोत पहिल्याच दिवशी मुकादमाने त्याला दोनदा नाव विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा कंटाळा केला आणि एक सोपं डच नाव देऊन मोकळा झाला. क्वाकूने ते निमूटपणे घेतलं. नाव हरवण्याची त्याला सवय होती. घानात पासपोर्ट काढताना कारकुनाने वडिलांनी दिलेलं ‘ओवुसू’ गाळून टाकलं होतं. आडनावाआधी उरलं ते नुसतं क्वाकू, म्हणजे बुधवारी जन्मलेला. वाराचं नाव काय, मूल जन्माला येतानाच घेऊन येतं. बापाने आठव्या दिवशी, उजाडताना, चार माणसांसमोर हाक मारून दिलेलं नाव हेच घराण्याचं नाव, असं त्यांच्याकडे मानतात. ते कुणातरी मोठ्या माणसाचं असतं, आणि मूल त्या माणसाचा स्वभाव घेऊन वाढतं, असंही.

म्हणून २००५च्या एप्रिलमध्ये त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने ठरवलं की हिचं सगळं रीतीप्रमाणे करायचं. रविवारची, म्हणून अकोसुआ ती झालीच होती. पुढच्या रविवारी पहाटे तिच्या जिभेवर पाण्याचा एक थेंब आणि दारूचा एक थेंब टेकवायचा. पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू, असं तिला सांगायचं, म्हणजे पोर खोटं बोलणार नाही. मग हाक मारायची, न्यार्को. क्वाकूच्या आईचं नाव.

पण पोर महिनाभर आधीच आली होती आणि तिच्या हृदयात दोष होता. तिला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायको अफिया तिथेच होती. क्वाकू कपडे घ्यायला घरी आला, तेव्हा खालच्या मजल्यावरची शुभदा जिन्यात भेटली. ती पुण्याची. नवरा श्यामकांत कॉम्प्युटरच्या नोकरीवर इकडे आला, त्याच्यामागून तीही आली. तिने डिंकाच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला.

“अफियाला द्या. आणि खेमेंटेत जाऊन आलात का? तीन दिवसांत नाव नोंदवावं लागतं.”

“आमच्यात आठव्या दिवशी ठेवतात, सिस्टर.”

“आमच्यात बाराव्या. पण नगरपालिका थोडीच थांबते? आमच्या मुलीचं नाव आम्ही तिथेच खिडकीसमोर उभं राहून ठरवलं.”

बुधवारी क्वाकू खेमेंटेच्या कचेरीत गेला. खिडकीमागे पिकल्या केसांची एक बाई होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“सोमवारी आलो तर?”

“उशीर होईल. आज एकच नाव लिहा हवं तर. अकोसुआ.”

“दुसरं नंतर घालता येईल?”

“त्यासाठी कोर्टात जावं लागतं,” ती म्हणाली.

क्वाकूच्या डोळ्यांसमोर गाळलेलं ‘ओवुसू’ आलं. पोरीच्या कागदावरसुद्धा तीच फट राहणार. त्याने पेन उचललं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, अकोसुआ न्यार्को. बाहेर पडताना त्याला फार बरं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी पोर गेली. बारसं एका दिवसावर आलं होतं.

सोमवारी तो फोनच्या दुकानात गेला. लाकडी खोपट्यात उभं राहून त्याने कुमासीजवळच्या गावात आईला बातमी सांगितली.  म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली, “आठवा दिवस उजाडला नाही ना, म्हणजे ती पाहुणी होती. डोकावून गेली. तिच्यासाठी रडायचं नाही. पांढरे कपडे घाला, शेंगदाण्याची आमटी करून पोटभर जेवा. रडलात तर ती पुन्हापुन्हा येईल आणि पुन्हापुन्हा जाईल.”

“आई, मी नाव लिहिलं होतं. बुधवारीच. तुझं.”



“पाहुण्याच्या अंगावर माझं नाव घातलंस?” आई म्हणाली. “मरणाला आमच्या घरचा पत्ता सांगितलास, क्वाकू.”

मग फोन बंद झाला; कार्ड संपलं, की तिनेच ठेवला, ते त्याला कळलं नाही.  बाहेरच्या माणसाने काचेवर टकटक केली तेव्हा तो निघाला.

घरी येऊन त्याने अफियाला पांढऱ्या कपड्यांचं सांगितलं. अफियाने ऐकून घेतलं. उठली, आमटी केली, पांढरा झगा घातला आणि ताटावर बसली. एक घास तोंडात घेतला आणि तो तिला गिळवेना. शुभदा तेवढ्यात दूध आणि ब्रेड घेऊन वर आली होती, ती दारातच थबकली.

“मी तिला हाक मारली होती,” अफिया म्हणाली. “तू कागद घेऊन आलास त्या दिवसापासून. त्या पेटीला हात घालायला भोक असतं ना, तिथे तोंड नेऊन. रोज. न्यार्को म्हटलं की ती बोट धरायची. मला पाहुणी म्हणायला सांगू नकोस.”

 शुभदाने पिशवी खाली ठेवली, अफियाच्या पाठीवर हात ठेवला, आणि अफिया तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला पुन्हा फोन केला आणि अफियाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आईने एवढंच विचारलं, “तोंडाने हाक मारली?”

“हो.”

“आणि पोरीने ओ दिली?”

“बोट धरायची म्हणते.”

“मग ती पाहुणी नव्हती रे,” म्हातारी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. “मग ती माझी होती. रडा.”

गावी तिने शोकाचं काळं-लाल लुगडं नेसून अंगणात चटई टाकली आणि आल्यागेल्याचं सांत्वन घेतलं. सात दिवसांच्या पोरीसाठी एवढा दुखवटा पाळलेला गावाने कधी पाहिला नव्हता. लोक कुजबुजले, तिने लक्ष दिलं नाही. इकडे द हेगच्या दफनभूमीत छोटी पेटी खाली सोडताना क्वाकू, अफिया, शुभदा, श्यामकांत आणि चर्चमधली चार माणसं होती. पाळकाने पूर्ण नाव उच्चारलं. पुढे धाकट्या भावाला मुलगी झाली आणि त्याने आईचं नाव ठेवायचं म्हटलं, तेव्हा आई म्हणाली, “ते देऊन झालंय.” क्वाकूला हे ऐकून दोन रात्री झोप लागली नाही. नोंदीला त्या दिवशी नुसत्या वाराच्या नावावर भागलं असतं, हे त्याने आईला कधीच सांगितलं नाही.

२००७च्या फेब्रुवारीत, सोमवारी, अफियाला मुलगा झाला. आईने फोनवर नाव सांगितलं, “सुमिना.” क्वाकू मुकाट्याने खाली शुभदाकडे आला आणि खुर्चीवर बसून राहिला.

“मुलगा ठीक आहे ना?” तिने घाबरून विचारलं.

“ठीक आहे. नावाची लाज वाटते. सुमिना म्हणजे उकिरडा. एक मूल गेलं की पुढच्याचं असलं नाव ठेवतात, म्हणजे मरणाला तो उचलावासा वाटत नाही. आता हे डच बाईला कसं सांगू?”

शुभदा त्याच्यासमोर बसली.

“माझ्या आजोबांचं नाव धोंडू होतं. म्हणजे दगड. त्यांच्याआधीची तीन भावंडं गेली होती.”

क्वाकूने मान वर केली. “जगले?”

“चौऱ्याऐंशी वर्षं.”

उठताना त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. बुधवारी तो नाव लिहून आला. पुढच्या सोमवारी पहाटे, बाहेर अजून अंधार असताना, त्यांच्या बैठकीच्या खोलीत सात-आठ माणसं जमली. चर्चमधल्या वृद्ध गृहस्थांनी बाळाच्या जिभेवर पाणी टेकवलं, मग दारू. बाळाने तोंड वाकडं केलं आणि सगळे हसले. अफिया तेवढी उठून आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने क्वाकू आत गेला, तर ती पलंगाच्या कडेला पाठमोरी बसली होती. तो तिच्याशेजारी बसला. बाहेर लोक नव्या बाळाला नावाने हाका मारत होते, आणि ती दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिली.