चौघी ‘ठीक’ म्हणाल्या

कुठलीही वस्तू हातात आली की आत्या आधी ती उजेडाकडे धरायच्या आणि मग अंगठ्याचे नख तिच्या कडेवरून सावकाश फिरवायच्या. चहाचा कप असो, कुलूप असो, माझा नवा चष्मा असो. चष्म्याच्या काडीवर नख अडकले तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, दुकानदाराला परत द्या. दिवाळीपर्यंत बी टिकत नाय.” मी दिला नाही. काडी गणपतीतच तुटली.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. काम सुटते, पण बोटांतून जात नाही. आत्यांनी वाळूजच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे चेकिंगच्या टेबलावर काढली होती. समोर ट्रे यायचा. चांगला माल डावीकडे, खराब उजवीकडे. मग लाइनीच्या शेवटी एक कॅमेरा बसला आणि टेबल उचलले गेले. टेबलासोबत टेबलावरच्या बायाही.

माझा मुकुंदवाडी स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास आहे. टायपिंग शिकायला कुणी येईना, तेव्हा मी पुण्याच्या एका कंपनीचे काम घेतले. काम सोपे. मोबाइलवर फोटो येतो, त्यात काय दिसते ते सांगायचे. ट्रक की टेम्पो, कापूस की गवत. घराघरांतल्या बायकांच्या उत्तरांवरून यंत्र शिकते. एकच फोटो पाच जणींना जातो आणि जास्त जणींचे उत्तर तेच खरे धरले जाते. जिचे उत्तर बाकीच्यांशी जुळते तिच्या नावापुढची पट्टी हिरवी राहते. जुळेना झाले की पिवळी, मग लाल. लाल झाली की खाते बंद.

ट्रक-टेम्पोला हे चालते. पण मग कंपनीने नवे काम आणले. मोटारसायकलच्या ब्रेकच्या लिव्हरचे फोटो. लिव्हरला भेग आहे की नाही ते सांगायचे, म्हणजे कारखान्यातला कॅमेरा भेग ओळखायला शिकेल. सोबत निरोप आला: कुशल सभासद जोडा, त्यांना नव्या तंत्रज्ञानाकडे आकर्षित करा.

आकर्षित करायला मी क्लासच्या दारावर बोर्ड लावला. ‘कुशल महिलांना सुवर्णसंधी’. आठ दिवसांत दोघी आल्या. एकीला शिलाईचा क्लास हवा होता आणि दुसरी झेरॉक्स काढायला आली होती.

तिसऱ्या आल्या त्या आत्या. बोर्ड वाचून आत आल्या आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या, “ह्या बोर्डानं कोण येतंय, मॅडम? आमच्यातल्या एकीला तरी ठाऊक हाय का, ती कुशल हाय म्हणून? आजवर कुणी म्हणलंय का तिला? ‘चेकिंगवाल्या बाया पायजेत’ असं लिहा.”

लिहिले. चार दिवसांत अकरा बाया दारात. सगळ्या वाळूजच्या, सगळ्यांची टेबले कधी ना कधी उचललेली. निम्म्या ‘जय भीम, आत्या’ करत आल्या, निम्म्या ‘नमस्कार, आत्या’ म्हणत. पण आत्या सगळ्यांच्याच.

त्या स्वतः मात्र खुर्चीवर बसेनात. “म्हंजे ज्यानं माझं टेबल उचललं, त्यालाच मी शिकवायचं, व्हय?”

गोड बोलून पटवणे मला जमत नाही. “हो,” मी म्हटले.

त्या हसल्या. “सीधी बात केली, बरं झालं. शिकवते. आमच्याकडं बसवला त्या कॅमेऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तेलाचा डाग असला की रिजेक्ट, भेग असली तरी पास. आता तो काय परत जात नाय. मग शिकलेला तरी असू द्या.”

आत्या फोटो दोन बोटांनी मोठा करायच्या आणि मोबाइल तिरका धरायच्या, जणू तसे केल्याने फोटोतल्या लिव्हरवर जास्त उजेड पडेल. आम्ही हसायचो. “हसा, हसा,” त्या म्हणायच्या, “सवय हाय.” लिव्हर गाडीला जिथे बसतो त्या भोकाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली की त्या ‘भेग’ दाबायच्या. बाकीच्या चौघी, कुठल्या कोण जाणे, ‘ठीक’ दाबायच्या. त्यांना ती रेघ ओरखडा वाटायची, नाहीतर तेल.

आत्यांची पट्टी पिवळी झाली.

आमच्या बाकीच्या बाया लवकर शहाण्या झाल्या. त्यांतली सगळ्यांत तरुण संगीता एकदा म्हणाली, “आत्या, कशाला डोकं लावता? समद्या ‘ठीक’च दाबतात. दाबायचं नि पुढं जायचं. माझी बघा, हिरवीगार हाय.”

“तुझा नवरा गाडीवरच जातो ना वाळूजला?”

“जातो की.”

“मग दाब ‘ठीक’. रोज सकाळी तो हाच लिव्हर दाबतो.”

संगीता दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

चूक मीही केली, ती इथे लिहून टाकते. मी आत्यांना बाजूला घेऊन म्हटले, “थोडे दिवस चौघींसारखे उत्तर द्या. पट्टी हिरवी होऊ द्या. मग तुमच्या मनासारखे करा.”

“चौघी म्हणल्या म्हणून भेग बुजत नाय, मॅडम.”

“खाते बंद होईल.”

“होऊ द्या की. टेबल बी झालं होतं.”

आठवडाभरात खाते बंद झाले. मोबाइलवर आलेला निरोप आत्यांनी सगळ्यांसमोर रेल्वेच्या घोषणेच्या आवाजात वाचून दाखवला. “आपले काम समाधानकारक नसल्यामुळे...” बाया हसून हसून वाकल्या. आत्याही हसल्या. मग मोबाइल पिशवीत टाकून म्हणाल्या, “फोटोवर भांडण होत नाय. मला पार्ट दाखवा. हातात.”

मी कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस ‘सिस्टीम’ हा शब्द सहा वेळा बोलला. मी फोन ठेवला.

त्याच महिन्यात कंपनीने छावणीतल्या एका हॉलमध्ये मेळावा ठेवला. कुशल सभासदांना नव्या यंत्राची ओळख व्हावी म्हणून. बॅनर, गुलाबपाणी, पोह्यांच्या प्लेटा. आत्यांना अर्थातच आमंत्रण नव्हते. मी माझा बिल्ला त्यांच्या पदराला लावला आणि स्वतः बिल्ल्याशिवाय आत गेले. मला कोण अडवणार? दारावरच्या मुलीला टायपिंग मीच शिकवले होते.

पुढे टेबलावर कॅमेरा आणि शेजारी कारखान्याने पाठवलेला वीस लिव्हरांचा ट्रे. कंपनीचे साहेब एकेक लिव्हर कॅमेऱ्याखाली धरत होते. हिरवा दिवा लागायचा, टाळ्या पडायच्या. वीसच्या वीस हिरवे. “हे सगळं आपल्या ताईंनी शिकवलंय!” साहेब म्हणाले.

आत्या उठून पुढे गेल्या. “मी बी ताईच हाय. जरा सरका.”

साहेब सरकले. आत्यांच्या आवाजाला बहुतेक माणसे सरकत. त्यांनी ट्रे पुढ्यात ओढला. मी त्यांना खऱ्या कामावर पहिल्यांदाच पाहत होते. उचलायचे, उजेडाला धरायचे, नख फिरवायचे, डावीकडे ठेवायचे. घाई नाही आणि थांबणेही नाही. वीसपैकी तीन उजवीकडे गेले.

“हे तीन गाडीला लागू द्यायचे नायत.”

साहेब हसले. “मावशी, पाच-पाच जणींनी बघून यंत्राला शिकवलंय. तुम्ही एकट्या.”

“एकटीच. म्हणून तर इथवर यावं लागलं.”

कारखान्याकडून आलेला तपासणी अधिकारी मागे पोहे खात बसला होता. त्याने प्लेट खाली ठेवली, गाडीतून दोन फवाऱ्याचे डबे आणले आणि तिन्ही लिव्हरांवर लाल रंग मारला. भेग असली तर रंग तिच्यात मुरतो. दहा मिनिटे थांबायचे, वरचा रंग पुसायचा आणि पांढरी भुकटी मारायची. भेगेतला रंग भुकटीवर फुटून येतो. त्या दहा मिनिटांत आत्यांनी पोहे खाऊन घेतले. “मीठ कमी हाय,” एवढेच म्हणाल्या.

पांढऱ्यावर लाल दोरा उमटला. आधी एका लिव्हरवर, मग दुसऱ्यावर, भोकाच्या कडेलाच. तिसरा पांढराच राहिला.

“तिसऱ्यात माझी चूक,” कुणी काही म्हणायच्या आत आत्याच म्हणाल्या. “ती बी लिहा. यंत्राला माझी चूक बी शिकवा. पण हे दोन चौघींच्या मतानं गाडीला लागले असते.”

साहेबांचा सूर बदलला. “तुमचं खातं उद्याच सुरू करतो. आमच्या खास सभासद म्हणून.”

“आन् नियम?”

“कोणता नियम?”

“पाचातली एक जरी ‘भेग’ म्हणली, तर तो पार्ट हातात घेऊन बघायचा. तिची पट्टी पाडायची नाय.”

“लाखो फोटो असतात हो मावशी. असं कसं चालेल? वर विचारावं लागेल.”

“विचारा. तवर मी नाय.”

बिल्ला काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि आम्ही बाहेर पडलो. चार दिवसांनी त्या अधिकाऱ्याचा मला फोन आला. त्याने तो सगळा माल थांबवला होता.

आमच्या क्लासात आत्यांचा नियम त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी लागू झाला. एकीने भेग म्हटले की बाकीच्या हातातले काम थांबवून तो फोटो बघतात आणि फोटोचा क्रमांक थेट त्या अधिकाऱ्याकडे जातो. पहिली पट्टी पिवळी झाली ती संगीताची. तिने ती मला दाखवली आणि काम चालू ठेवले. कंपनीने मला दोनदा तंबी दिली. मी उत्तरादाखल दोन्ही लाल दोऱ्यांचे फोटो पाठवले. खाली एक शब्दही लिहिला नाही.

मधल्या काळात आत्यांना वाळूजच्याच एका छोट्या वर्कशॉपात काम मिळाले. त्यानंतर त्या क्लासात आल्या नाहीत. पावसाळा संपता संपता कंपनीचे पत्र आले. आत्यांचे खाते सुरू, नावापुढे ‘विशेष कुशल सभासद’. पत्र घेऊन मी स्कूटरवर वाळूजला गेले.

वर्कशॉपच्या शटरच्या तोंडाशी, भरपूर उजेडात, त्यांचे टेबल होते. मी पत्र पुढे केले.

“नियम बदलला का?” मान वर न करताच त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग एवढ्या लांब कशाला आणलं? बसा. हा ट्रे होऊ द्या, चहा सांगते.”

मी स्टुलावर बसले. बाहेर माल न्यायला आलेला टेम्पो हॉर्न वाजवत होता. आतून मालक घाईघाईने आला. बाजूला काढलेला एक नग त्याने उचलला, उलटसुलट करून पाहिला. “आत्या, हा तर ठीक दिसू राहिला ना?”

आत्यांनी तपासणीचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवले.

“मग तुम्ही सही करा.”

मालकाने पेनाकडे पाहिले, नगाकडे पाहिले. टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मालकाने नग जिथून उचलला होता तिथेच ठेवला आणि शटरबाहेर जाऊन ओरडला, “थांब ना रे बाबा! चेकिंग चालू हाय!”